मधुकर, तुझी काठी अकरा फुटांचीच होती

दसऱ्याच्या आधीचा सोमवार. रावेतला नदीकाठी पदपथाचे काम चालू आहे, तिथे पंपाच्या वायरी उघड्यावर लोळत आहेत, अशी लेखी तक्रार मी दिली. उत्तर आले : ‘पाहणी केली, आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ पाहणीला कोणी फिरकलेच नव्हते. जबाबदार : न जाता पाहणी करणारे अभियंता.

भाऊबीजेनंतरचा शुक्रवार. पंप पुढे सरकवला गेला आणि त्याच्यासाठी खांबावरून नवी तात्पुरती तार ओढली गेली. मध्ये बांबू रोवण्याचे कष्ट नकोत म्हणून ती काठावरच्या करंजाच्या फांद्यांतून नेली. एक सांधा पट्टी न गुंडाळता उघडा सोडला. जबाबदार : कंत्राटदार आणि त्याचा मुकादम.

त्यानंतरचा रविवार, सकाळ. तू गेलास. जबाबदार : वरचे तिघेही.

तोच रविवार, दुपार. तार उतरवली, गुंडाळली, टेम्पोत टाकून नेली. पंचनामा त्यानंतर झाला. जबाबदार : ती नेणारे, आणि ती नेली जाईपर्यंत टपरीवर चहा पीत थांबलेले.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा आदला दिवस. चौकशीचा निष्कर्ष वहिनींच्या हाती पडला. जबाबदार : त्याखाली सही करणारे चौकशी अधिकारी.

नावे मी इथे लिहिलेली नाहीत. ती माझ्या अर्जात आहेत, हुद्द्यांसकट.

मधुकर, ही सुरुवात तुला आवडली नसती. “वकीलसाहेब, माणूस गेल्यावर आधी दोन टिपं गाळावीत, कागद मग काढावेत,” असे तू म्हणाला असतास. मी वकील नाही हे तुला चांगले ठाऊक होते. चाकणच्या ज्या गिअरच्या कंपनीत तू खरेदी खात्यात होतास, तिथेच मी कार्मिक विभागात होतो आणि कामगारांच्या खातेनिहाय चौकशा चालवत होतो. कंपनीच्या बसमध्ये तू मला पहिल्यांदा ‘वकील’ म्हणालास तो टोमणा होता. पुढे ते नाव झाले. आता त्या नावाने हाक मारणारे कोणी उरलेले नाही.

टिपे गाळायला मला अजून सवड झालेली नाही. कारण त्या निष्कर्षात एक वाक्य आहे : ‘मृत व्यक्तीने अतिलांब व हलक्या प्रतीची काठी, अयोग्य जागी, कोणतीही दक्षता न घेता वापरल्याने काठीचा उच्चदाब वाहिनीशी संपर्क आला, सबब सदर घटना मृताच्या निष्काळजीपणामुळे घडली.’

तुझ्या निष्काळजीपणामुळे. तीन कोटेशने हाती आल्याशिवाय ज्याने घरचा मिक्सरही घेतला नाही, बायकोच्या चपलेचा तळ वाकवून पाहिल्याशिवाय ज्याने दुकानदाराला किंमत विचारली नाही, त्या माणसाच्या निष्काळजीपणामुळे!

पिंपळे गुरवच्या विहारात वंदना संपली, लोक चटया गुंडाळू लागले, तेव्हा तुझा एक चुलतभाऊ दुसऱ्याला म्हणत होता, “म्हातारपणी नसते छंद कशाला करावेत, राव? बाजारात काय मासे मिळत नाहीत?” मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “नाही काका, आपलं सहज.” सहज! सहीची शाई वाळायच्या आत तो शब्द तुझ्या नात्यागोत्यात पोहोचला होता.

वहिनींनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. “भाऊजी, भरपाई मिळो न मिळो,” त्या म्हणाल्या, “हा शब्द तेवढा काढून आणा. ह्यांच्या नावापुढे हा शब्द मी राहू देणार नाही.” मी हो म्हणालो. माझ्याकडे आता हे एवढेच काम आहे.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याचे म्हणणे मांडू द्यावे, हा चौकशीचा पहिला नियम. पाकीट मारताना सापडलेल्या माणसालाही तो लागू असतो. तुला लागू झाला नाही. म्हणून तुझे म्हणणे मी मांडतो आहे, तुझ्यासमोर. कुठे चुकलो तर नेहमीसारखा मध्येच थांबव.

तुझी मुलगी नोकरीसाठी स्कॉटलंडला गेली आणि तुम्ही दोघे तिच्याकडे राहून आलात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तू सांगवीला माझ्या घरी आलास. सोबत आणलेले चॉकलेट टेबलावर टाकलेस आणि कोपऱ्यातला जळमटे काढायचा लांब झाडू दोन्ही हातांत धरून खोलीच्या मध्यभागी उभा राहिलास.

“अरे वकील, नदीत एक म्हातारा गळ टाकून उभा होता. तुझ्याइतकाच रागीट दिसायचा. उजवा खांदा माझ्यासारखाच गेलेला, हात कानाच्या वर जात नाही. पण काठी दोन हातांनी धरायचा, आणि दोरी अशी जायची... अशी...”

झाडूने माझे कॅलेंडर खाली आले.

मला त्यातले काही कळले नाही. मग तू ते समजावून सांगितलेस आणि तेव्हापासून ते मला तुझ्याच शब्दांत आठवते. साध्या गळाला शिसे असते, ते फेकले की दोरी त्याच्यामागे जाते. इथे शिसे नसते. आकड्याला पिसांची एक माशी बांधलेली असते आणि तिला वजनच नसते. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार करतात. उडते ती दोरी, माशी नुसती सोबत जाते. एका हाताच्या काठीने ही दोरी मागे भिरकवावी लागते, खांदा वर न्यावा लागतो. दोन हातांच्या काठीने दोरी समोरच्या पाण्यावरच ओढून घ्यायची, वळवायची आणि पुढे सोडायची. ताकद खालचा हात लावतो. खांदा बिचारा नुसता बसून असतो.

“आणि मासा?” मी विचारले.

“लागला तर सोडायचा.”

वहिनी त्यावर काय म्हणाल्या होत्या ते तुला आठवत असेल. “धरायचा आणि सोडायचा. मग धरायचा तरी कशाला? तुम्ही पंचशील पाळणारे, त्या मुक्या जिवाला उगीच दंतवैद्याकडे कशाला नेता?” तेव्हापासून तू आकड्याचे उलटे टोक पक्कडीने दाबून सपाट करू लागलास. मासा लागला तर जखम लहान व्हावी म्हणून. लागला तो फक्त एकदा, वर मावळात, वीतभर लांबीचा. तू त्याची माफी मागितलीस. मी तुला हसलो होतो.

आता ‘हलक्या प्रतीची काठी’.

निवृत्तिवेतनावरच्या माणसाने पहिले साहित्य कसे घ्यावे, यासाठी तू जी शिस्त लावलीस ती मी कंपनीच्या कोट्यवधींच्या खरेदीतही पाहिली नव्हती. तीन ठिकाणांहून भाव मागवलेस. प्रत्येकाला तेच सहा प्रश्न. उत्तर द्यायला जो चिडला तो बाद. एकाने पूर्ण संच देऊ केला, पेटीत, चकचकीत. तू म्हणालास, “संचात विकणारा त्यातली एक वस्तू खपवत असतो. कुठली, ते शोधायचं.” ती वस्तू रीळ निघाली.

रीळ पाहून तर तू संतापलाच होतास. मला तुझा संताप क्वचितच पाहायला मिळाला, म्हणून तो लक्षात आहे. उघडून पाहिलेस आणि ओरडलास, “यात एकही गिअर नाही! नुसती फिरकी! आणि किंमत बघ!” आपण दोघांनी गिअरवर आयुष्य काढलेले. मलाही तो अपमानच वाटला. मी ताबडतोब पत्र लिहायला बसलो. तू चष्मा पुसलास, थोडा वेळ फिरकी फिरवत राहिलास आणि शांत झालास. “बरोबर आहे रे. याला दोरी सांभाळायचीय आणि काठीचा तोल धरायचाय. एवढंच. मग सगळ्यांत स्वस्त घेऊ, फक्त काठीच्या मानाने पुरेसं जड.”

तिथे तुझा क्रम ठरला : आधी दोरी, मग काठी, उरले त्यात रीळ. नवशिका नेमके उलटे करतो, असे तू म्हणायचास; दिसते ते महाग घेतो आणि काम करते त्यात कसर करतो. पायात रबरी विजारी घ्यायच्या की नाही, यावर तू एका वाक्यात निकाल दिलास, “आपल्या नद्या कोमट आहेत, गुडघे भिजले तर भिजू देत.” जुने कंपनीचे बूट चालले. माशीऐवजी सरावाला वहिनींच्या विणकामातला लोकरीचा तांबडा तुकडा चालला.

काठी तू कार्बनची घेतलीस, कारण फायबरग्लासची जड पडते आणि खांदा दुखतो. मधल्या किमतीची. सर्वांत स्वस्त जी होती तिचे सांधे दुसऱ्याच दिवशी सैल होतील, असे तुला वाटले; सर्वांत महागडीत तू म्हणालास तसे, ‘नावाचं भाडं’ होते. ही हलकी प्रत? चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारले, “एवढी स्वस्तातली कशाला घेतली, काका?” मी म्हणालो, “महागातली घेतली असती तर वीज विचारून आली असती का?” कार्बनमधून वीज वाहते, साहेब, मग तो कितीही किमतीचा असो. तारेला काठीची किंमत वाचता येत नाही. हे उत्तर त्यांनी नोंदवून घेतले नाही.

एक चूक मात्र तुझ्याकडून झाली, आणि ती माझ्याकडूनही झाली, कारण आपण दोघे एकाच कंपनीत वाढलो. काठीवर आठ नंबर होता. तू आठ नंबरची दोरी मागवलीस. आपल्याकडे नंबराला नंबर जुळला की भाग बसतो. नाही बसला तर पुरवठादाराचा माल परत जातो. नदीवर गेलो. काठी वाकेना, दोरी पुढे जाईना, समोर पाण्यावर शेवयांसारखी गोळा होऊन पडे. तीन रविवार! मी दुकानदाराला द्यायच्या नोटिशीचा मसुदा तयार केला.

तू नोटीस बाजूला ठेवलीस आणि ती दोरी सांगवीतल्या सोनाराकडे घेऊन गेलास, कारण तिचे वजन घरच्या काट्यावर कळण्याजोगे नव्हते. सोनाराने हिरव्या दोरीचे भेंडोळे दोन बोटांत धरले. “काका, हे मोडायचंय की गहाण ठेवायचंय?”

“तोलायचंय फक्त.”

“घट धरू का?”

तुम्ही दोघे हसत होता आणि मी चडफडत होतो. वजन कळले आणि उलगडा झाला. एका हाताच्या आठ नंबराला जेवढी दोरी लागते, त्याच्या दुपटीहून जड दोरी दोन हातांच्या आठ नंबराला लागते. आकडा तोच असला तरी मापपट्टी वेगळी.

“म्हणजे त्याने फसवलंच,” मी म्हणालो.

“आपण आठ मागितली, त्याने आठ दिली. आपण विचारलं नाही.”

“त्याने सांगायला हवं होतं.”

“हे मात्र खरं.”

“मग नोटीस पाठवतो.”

“नोटीस नको. फोन करतो.”

तू फोन केलास. दहा मिनिटे बोललास, त्यातली निम्मी त्याच्या मुलांच्या शाळेबद्दल. त्याने दोरी बदलून दिली. पण आपला वाद मिटला नाही. तू म्हणायचास, बोलून सुटते ते लिहून गुंतवू नये. मी म्हणायचो, बोललेले सिद्ध करता येत नाही. दर रविवारी स्कूटरवर मागे बसून तू मला हे ऐकवायचास, हेल्मेटमधून, अर्धे वाऱ्यावर. त्या वादाचा शेवटचा हप्ता बाकी आहे, तो पुढे येईलच.

आता ‘अतिलांब’.

या प्रकारच्या काठ्या बहुधा तेरा फुटांच्या, त्याहूनही लांब असतात. स्कॉटलंडच्या त्या म्हाताऱ्याची तशी होती. तुलाही तीच हवी होती, मला माहीत आहे. तू चित्र काढून ठेवले होतेस. पण तू रावेतच्या काठावर दोन फेऱ्या मारल्यास आणि अकरा फुटांची घेतलीस. का? नदी तेवढी रुंद नाही, हे एक. चार तुकडे करून स्कूटरवर मावते, हे दुसरे. तिसरे तू करंजाखाली उभा राहून, वर पाहून सांगितलेस, “इथे झाडं आहेत रे. तेरा फुटी फांद्यांत अडकेल.” मग जळमटांचा तोच झाडू आणून, त्याला बांबू बांधून, अकरा फूट करून, तू फांद्यांखाली उभा धरलास. टोक आणि फांदी यांत हातभर जागा राहिली. तेव्हाच पैसे पाठवलेस. मधुकर, मिळत होत्या त्यांतली सर्वांत आखूड काठी तू घेतलीस, आणि वरच्या झाडाचा विचार करून घेतलीस. तिला ‘अतिलांब’ म्हणणाऱ्या माणसाने ती मोजलेली नाही. ती मुद्देमाल म्हणून पडून आहे, तिच्या सांध्यांना अजून तू लावलेले मेण असेल.

आणि ‘उच्चदाब वाहिनी’! त्या तारा नदीच्या मध्यावरून, कुठच्या कुठे वरून जातात. त्यांच्याखाली त्याच कंत्राटदाराचा डंपर रोज हौदा उभा उचलून मुरूम ओततो आणि त्याला काही होत नाही. तुझ्या खांद्यावर मी आणि माझ्या खांद्यावर चौकशी अधिकारी उभे राहिले असते, तरी तुझी काठी तिथे पोहोचली नसती. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट क्षणही ठरला असता, हे वेगळे.

‘अयोग्य जागी’. “मैदानावर प्रॅक्टिस करायची ना, काका,” असे अधिकारी मला म्हणाले. मी त्यांना समजावले, सावकाश, शिक्षकाने समजवावे तसे, की ही दोरी गवतावर फेकताच येत नाही. तिचे टोक पाण्याने क्षणभर धरून ठेवावे लागते, त्या पकडीविरुद्धच काठी वाकते. गवतावर ती नुसती घसरते. म्हणून पोहणे जसे पाण्यातच शिकावे लागते, तसे हेही. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, “इंटरेस्टिंग आहे.” आणि लिहिले : ‘अयोग्य जागी’.

उरली ‘दक्षता’.

काठीच्या मुठीजवळ विजेचे चिन्ह असलेली एक पिवळी चिकटपट्टी होती. ती तू दोनदा वाचलीस. मग म्हणालास, “क्रेनखाली करतो तसं करू.” आपल्या कंपनीत क्रेनने माल उचलण्याआधी एक जण ओरडायचा, “वर?” आणि दुसरा चारी बाजूंना पाहून उत्तर द्यायचा, “वर मोकळं!” उत्तराशिवाय साखळी हलत नसे. तो रिवाज तू नदीवर आणलास. काठी जोडण्याआधी तू विचारायचास, मी पाहायचो, मग सांगायचो. पहिल्यांदा मला ते पोरकट वाटले. सकाळी फिरायला येणारे लोक वळून पाहायचे.

त्या रविवारीही तू विचारलेस. मी पाहिले. करंजाखालच्या सावलीत काळी तार सावलीसारखीच दिसते. मी म्हणालो, “मोकळं!”

हे मी कुणापासून लपवलेले नाही. चौकशीत पहिल्या वाक्यात सांगितले. कारण हा माझा कबुलीजबाब नाही, ही तुझी साक्ष आहे. तू विचारले होतेस. विचारणाऱ्याला निष्काळजी म्हणत नाहीत. दोन दिवसांपूर्वीपर्यंत जिथे काही नव्हते, तिथे कुणालाही न सांगता, फलक न लावता ज्यांनी उघडा सांधा तुझ्या काठीला लागेल इतका खाली लोंबकळत ठेवला, त्यांच्यासाठी तो शब्द भाषेत आहे.

मी पाण्याकडे धावलो होतो. मला मागून धरले ते तात्यांनी. तात्या म्हणजे काठावर ज्यांचा गोठा आहे ते रावेतचे जुने शेतकरी. रोज आपल्याला पाहून “आले बगळे” म्हणायचे. त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला चिखलात पाडले. “सायेब, पान्यात पाय टाकू नगा! करंट हाय!” मग तेच म्हातारे पंपाकडे पळाले आणि खटका पाडला. मी जिवंत आहे तो त्या माणसामुळे. मी त्यांचे आभार मानलेले नाहीत. अजून मला जमलेले नाही.

तात्यांनी सगळे पाहिले होते. चौकशी अधिकारी आले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर सांगितले, “आवो, म्यां बगितलीया ती वायर. सुक्रवारी दोगं जन झाडाव चढलं हुतं. म्यां इचारलं बी, ह्ये काय करताय रं? तर म्हनलं, तुमची म्हस सांभाळा. आन हे दोगं काय येड्यावानी येत न्हवतं. दर येळंला वरडायचं, वर मोकळं म्हनून. त्या दिशीबी वरडलं. माजी म्हस बी आता त्या आवाजाला कान टवकारती.”

“बरं बरं, आजोबा,” अधिकारी म्हणाले.

“बरं न्हाई. लिवून घ्या.”

“घेतो.”

घेतले नाही. निष्कर्षात तात्यांचे नाव नाही, शुक्रवार नाही, झाड नाही. बोललेले सिद्ध करता येत नाही, मधुकर. मी तुला सांगितले होते.

पण थांब, एवढ्यात जिंकल्यासारखा बोलतो आहे असे समजू नकोस. काठीच्या त्या दुकानदाराला मी फोन केला, ज्याला मी नोटीस पाठवणार होतो. तुझे नाव सांगितले. तो म्हणाला, “ते काका? त्यांनी मला त्या विजेच्या चिकटपट्टीबद्दल दोनदा फोन केला होता. किती अंतर ठेवायचं, काठी ओली असली तर काय. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलं नाही.” आणि मी मागायच्या आधीच म्हणाला, “लेखी देऊ का?” दिले त्याने. सहीशिक्क्यासह. तू त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी केली होतीस म्हणून दिले. माझी नोटीस गेली असती तर फोनही उचलला नसता. तेव्हा वाद बरोबरीत सुटला, असे समज. तू असतास तर ही बरोबरी मान्य केली नसतीस.

तुझ्यावरही माझा राग आहे, तो इथेच नोंदवतो. वाद अर्धवट टाकून जायची तुझी जुनी सवय, बस पिंपळे गुरवला थांबली की वाक्याच्या मध्येच उतरायचास आणि खिडकीतून म्हणायचास, “उद्या बोलू, वकील.” मी रात्रभर उत्तर तयार करायचो. सकाळी तू वेगळ्याच विषयावर असायचास. निवृत्तीनंतर माझ्याशी बोलायला लोक टाळाटाळ करू लागले, कारण मी भेटलो की त्यांना अर्ज दाखवतो. तू तेवढा दर रविवारी यायचास. ती काठी तू आपल्या दोघांत एकच घेतलीस. “दोन घेतल्या तर तू तुझ्या काठीशी भांडत बसशील,” म्हणालास. मला तेव्हा ती काटकसर वाटली. एक काठी म्हणजे एकाने टाकायची आणि दुसऱ्याने काठावर बसून बोलायचे. तू मला बोलायला जागा विकत घेऊन दिली होतीस. यासाठी तुझे आभार मानायचे राहिले. त्यासाठी कुठलाही नमुना माझ्या फायलीत नाही.

आता मागणी.

ज्या चौकशी अधिकाऱ्यांनी तो निष्कर्ष दिला, त्यांनी येत्या कोणत्याही रविवारी सकाळी रावेतच्या काठावर, त्या करंजाखाली यावे. येताना मुद्देमालातली काठी आणावी आणि वहिनी, तात्या आणि जमतील त्या सर्वांच्या देखत ती टेपने मोजावी. मग वर त्या उच्चदाब तारांकडे बोट दाखवून सांगावे, की ही काठी तिथे पोहोचली कशी. फांदीवर तारेने घासून सोललेली साल अजून दिसते. तिच्यावर बोट ठेवून सांगावे, की ते कशाने झाले. सांगता येत नसेल तर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तुझ्या नावापुढून काढावा आणि ज्यांचा आहे त्यांच्या नावापुढे लिहावा, तिथेच, सर्वांसमोर. कार्यालयात बोलावून, खुर्ची देऊन, चहा पाजून दिलेले उत्तर मी स्वीकारणार नाही.

मी तिथे असेन. नदीवर नेहमी तू विचारायचास आणि उत्तर मी द्यायचो. यावेळी विचारणार मी आहे. त्यांना करंजाखाली तुझ्या जागी उभे करून, सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारीन, “वर?”

उत्तर त्यांनी द्यावे.